मना नंबर कव्हय येई?

दिवाळी उलटली की आमच्या शाळेच्या मैदानात पाय जातो. अक्षरशः जातो. गिरणा नदीकाठची काळी जमीन ती. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि थंडी सुरू झाली की आक्रसत जाते. मग अशा भेगा पडतात की पहिलीतल्या पोराचं पाऊल घोट्यापर्यंत आत जावं. कपाशीला ही जमीन सोन्यासारखी. पळणाऱ्याला मात्र नको. एकदा एका मुलाची चप्पल भेगेत अडकली, ती काढायला हात घातला तर आतून पट्टी, दोन खडू आणि कुणाचा तरी गेल्या वर्षीचा भोवरा निघाला.

धुळ्यात वाढलेल्या मला हे नवीन होतं. शहरातल्या शाळेचं मैदान मुरमाचं, कडक, सपाट. इथे बदली होऊन आले आणि पहिल्याच वर्षी मुख्याध्यापकांनी विचारलं, "मॅडम, यंदा मैदानी खेळांचं तुमच्याकडे देऊ का?" कागद, शिट्टी आणि रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीची गोणी एवढंच लागतं, असा माझा समज होता. मी हो म्हणून बसले.

त्या पहिल्या वर्षाबद्दल लिहायला मला अजून जड जातं. चुका सगळ्या आमच्याच, त्यातल्या बऱ्याचशा माझ्या.

आमची शाळा सातवीपर्यंत. दर वर्गात सरासरी चोवीस, म्हणजे १६८ पोरं. सगळ्यांना पळायला मिळावं असा माझा आग्रह. साठ मीटरच्या सहा रेघा आखल्या. सहा-सहा मुलं सोडायची म्हणजे २८ फेऱ्या. सहा जणांना ओळीत उभं करायचं, "पाय रेघेच्या मागे घे" म्हणायचं, शिट्टी, पळणं, पहिला कोण यावरचं भांडण, नाव लिहून घेणं. घाई केली तरी एका फेरीला चार मिनिटं जातात. हा गुणाकार मी आदल्या रात्री करायला हवा होता. तो केला मैदानात, भर उन्हात, जेव्हा तिसरीतलं एक पोरगं चौथ्यांदा माझ्याजवळ येऊन उभं राहिलं आणि माझी ओढणी ओढून म्हणालं, "मॅडम, मना नंबर कव्हय येई?"

त्याचा नंबर एकविसाव्या फेरीत होता. म्हणजे आणखी तासभर. आणि तासाभरानंतर तो किती वेळ पळणार? बारा सेकंद. फार तर तेरा.

त्यात आधीच उशीर झालेला. साडेआठला पोरं रांगेत बसवली होती, पाहुणे पावणेदहाला आले. मग नारळ, दीपप्रज्वलन, एकेकाचा सत्कार, एकेकाचं मनोगत. खेळाचं महत्त्व सांगणारी चार भाषणं झाली आणि तोवर एकही पोर जागचं हललं नव्हतं. आमच्याकडे जानेवारीत पहाटे स्वेटर लागतो आणि अकरा वाजता ऊन डोक्यात घुसतं. पाचवीतली एक मुलगी बसल्या जागी आडवी झाली. सकाळी लवकर यायचं म्हणून घरून उपाशीच आली होती. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून आम्ही तिला घोट-घोट पाजलं, ती दहा मिनिटांत सावरलीही. पण तिची आई आली तेव्हा माझ्याकडे काही न बोलता बघत राहिली, ते मला कुठल्याही तक्रारीपेक्षा जास्त लागलं.

दुसरी चूक चुन्याची. मी फक्की आणायला सांगितलं होतं, गोणीतून निघाला कळीचा चुना. आम्ही तोच टाकला. घामेजल्या हाताने पोरं डोळे चोळू लागली तेव्हा कळलं, की पांढरी दिसणारी प्रत्येक पूड रेघेसाठी नसते. ओल लागली की हा चुना तापतो, डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा करतो. नळ जवळ होता म्हणून निभावलं. तिसरी चूक दोराची. रस्सीखेचीला कुणीतरी ट्रॅक्टरचा नायलॉनचा दोर दिला. तो हातातून सरकला की तळव्याची साल काढतो. आठ पोरांचे तळवे लाल झाले. त्यांतल्या दोघांना सोमवारी पेन्सिल धरता येईना, आणि त्याचा त्यांना आनंदच झालेला दिसला.

एकविसावी फेरी झालीच नाही. एक वाजला, खिचडी तयार होती, पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता. बक्षिसं वाटली आणि पोरं घरी गेली.

पुढच्या वर्षी मीच म्हटलं, पुन्हा माझ्याकडे द्या.

सुरुवात भेगांपासून केली. गावात एक नाना आहेत, वय सत्तरीच्या पुढे. रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर येऊन बसतात. मी मुरमाची ट्रॉली सांगायला निघाले तर म्हणाले, नुसता मुरूम टाकाल तर तो भेगेत गडप होईल. आधी भेगांत बारीक माती सोडा, वरून पाणी द्या, दोन दिवस तसंच राहू द्या. जमीन फुगून आपणहून तोंड मिटते. मग वर दोन बोटं मुरूम आणि तो ठोकून बसवायला धुमस. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी एका रविवारी पाइप आणला, दुसऱ्या रविवारी मुरूम पसरला. धुमस फक्त दोन मिळाले, म्हणून वरच्या वर्गांतल्या पोरांना मुरमावर रांगेने नाचायला लावलं. तासभर धांगडधिंगा. माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यात यशस्वी खेळ तोच, आणि तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

गोखरू वेचायला वेगळी मोहीम काढावी लागली. सराटे म्हणा, गोखरू म्हणा, काटा तोच. निम्मी पोरं अनवाणी पळतात, बूट असले तरी काढून ठेवतात. जुनं पोतं ओलं करून मैदानभर ओढत न्यायचं, सराटे त्याला चिकटून येतात. ही युक्ती पाचवीतल्या एकाची. तरीही खेळाच्या दिवशी काही पायांत घुसलेच. ते काढायला माझ्या प्रथमोपचार पेटीतला चिमटा कुणी मागितला नाही. बायांच्या बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिना निघाल्या आणि काम झालं.

तारीखही नीट निवडली. १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, आता राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीतलं कांस्यपदक आणणारा हा गडी, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण नेमक्या त्या तारखेचा हट्ट धरला तर गाव येत नाही, कारण गाव शेतात असतं. कुणाची कपाशीची फरदड, म्हणजे उशिराचा कापूस, वेचायची राहिलेली असते, कुणाचं हरभऱ्याला पाणी चालू असतं. आमच्याकडे मजुरांची सुटी बाजारच्या दिवशी. म्हणून १५च्या पुढचा पहिला बाजारवार धरला. सकाळी खेळ, दुपारी बाजार. लोक आले.

आणि मग तो गुणाकार. २८ फेऱ्या, चार मिनिटं, ११२ मिनिटं. हे दोन तास मला काहीही करून पोरांना परत द्यायचे होते. सगळ्यांना एका ठिकाणी बसवून सहा जणांना पळवण्याऐवजी मैदानाचे आठ तुकडे करायचे, आठ ठिकाणी आठ खेळ मांडायचे आणि पोरांनी फिरायचं. प्रत्येक वर्गातून तीन-तीन घेतले की सात वर्गांचे एकवीस. असे आठ गट, १६८. एका ठिकाणी बारा मिनिटं खेळ, तीन मिनिटं पुढच्या ठिकाणी जायला. आठ पंधरे एकशे वीस. तेच दोन तास. फक्त बारा सेकंदांच्या जागी प्रत्येक पोर शहाण्णव मिनिटं खेळणार.

कागदावर हे छान दिसत होतं. पण पहिलीतल्या पोराला "गट क्रमांक चार, ठिकाण क्रमांक सहा" कसं समजावं? तोडगा काढला आमच्या दुसऱ्या सरांनी. ते भुसावळचे, वडील रेल्वेत होते. म्हणाले, "मॅडम, गाडी करू." आठ ठिकाणांना स्टेशनांची नावं दिली: भुसावळ, भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी, पाचोरा, चाळीसगाव. मधली काही गाळली, त्यावर एका पालकाने "आमचं परधाडे का नाही?" म्हणून खरंच विचारणा केली. प्रत्येक गट म्हणजे एक गाडी. पुढे सातवीतलं इंजिन, मागे सातवीतलाच गार्ड, मधे एकमेकांचे सदरे धरलेले डबे. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा लटकवलेला तुकडा. तो वाजला की सर हिरवा रुमाल हलवणार आणि आठही गाड्या एकदम सुटणार. चाळीसगावहून सुटलेली गाडी थेट भुसावळला, तेवढा भूगोल आम्ही माफ केला.

भुसावळला रस्सीखेच, भादलीला पोत्यांची शर्यत, जळगावला साठ मीटर, शिरसोलीला लंगडी, म्हसावदला लगोरी, माहेजीला टायर फिरवणं, पाचोऱ्याला खो-खोचा छोटा डाव. कागदावरच्या आठव्या खेळाऐवजी चाळीसगावला काहीच नाही. म्हणजे झाडाखाली सतरंजी, पाण्याचा माठ आणि प्रत्येकाला एक केळं. या शेवटच्या स्टेशनावरून माझं आणि एका सहकाऱ्याचं वाजलं होतं. त्यांच्या मते बारा मिनिटं वाया. मला गेल्या वर्षीची ती आडवी झालेली मुलगी दिसत होती. शेवटी केळी गावातल्याच एका बागेतून आली आणि वाद मिटला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. म्हसावदला गाड्या अडकू लागल्या. लगोरी बारा मिनिटांत संपत नाही हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. सात खापऱ्या रचून झाल्याशिवाय कोण जागा सोडणार? घंटा झाली तरी पोरं चेंडू चुकवत पळतायत, मागची गाडी सदरे धरून उभी, तिचं इंजिन ओरडतंय, "सर, सिग्नल द्या!" शिरसोलीहून आलेली गाडी दोन मिनिटं आउटरला थांबली. मग सरांनी सातच्या चार खापऱ्या केल्या आणि वाहतूक सुरळीत झाली. खो-खोच्या कोपऱ्यात मुलींनी वेगळीच अडचण केली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात आपल्या पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही संघ जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. तिच्या उड्या पोरींनी फोनवर पाहिलेल्या. त्यामुळे प्रत्येकीला खांबावर सूर मारायचा होता. खांब आमचा बांबूचा. तो दोनदा उपटून निघाला.

वेगवेगळ्या वयांची पोरं एकत्र खेळली तर मोठी लहानांना चिरडतील, अशी भीती होती. झालं असं की सातवीतल्या गार्डाला आपला डबा घसरू द्यायचा नव्हता. पोत्यात पाय अडकून पडलेल्या पहिलीतल्या पोरीला उचलून, पोत्यासकट, रेघेपार नेणारा एक गार्ड मी पाहिला. नियमात बसत नव्हतं. मी शिट्टी वाजवली नाही.

त्यानंतर गावाचे खेळ. मोठ्या पोरांना पूर्ण एक चक्कर पळवायची होती. आमच्या मैदानात दोनशे मीटरही बसत नाहीत, दीडशेत भागवलं. चौकटीचे कोपरे काटकोनात आणायला तीन-चार-पाचची दोरी वापरली: सहा मीटर, आठ मीटर आणि समोरची बाजू दहा. सातवीच्या पोरांना पायथागोरस त्या दिवशी जेवढा पटला तेवढा वर्गात कधी पटला नसेल. मग लेन. एका लेनची रुंदी १.२२ मीटर. बाहेरच्या लेनमधल्याला वळणावर जास्त पळावं लागतं, म्हणून त्याला पुढून सोडायचं. प्रत्येक लेनमागे ७.६६ मीटर, म्हणजे १.२२ला दोन पायने गुणून येतात तेवढे. मैदान दीडशेचं असो की चारशेचं, पूर्ण चकरेला हा फरक तोच. चार लेन आखल्या, तर चौथ्या लेनमधला आतल्यापेक्षा २३ मीटर पुढे उभा.

ओट्यावरून नाना उठले. "हाऊ पोऱ्या पुढे का बरं उभा शे?" त्यांचा नातू आतल्या लेनमध्ये होता. दोघातिघांनी साथ दिली, "हो ना, ही काय शर्यत झाली?" चौथ्या लेनमधला पोरगा सरपंचांचा पुतण्या निघाला, तेव्हा तर आवाज आणखी वाढला. मी त्रिज्या, परीघ सांगायला लागले. कुणी ऐकेना. शेवटी सातवीतली एक मुलगी नानांना म्हणाली, "आबा, खळ्यात पात धरतस ना, त्यामा बाहेरला बैल जास्ती चालस का आतला?"

नाना थांबले. त्यांच्या तरुणपणी मळणीला तिवड्याभोवती, म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरायची. थकलेला बैल तिवड्याशी जुंपायचा, दमदार बैल बाहेरच्या कडेला, हे कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं. त्यांनी मैदानाकडे पाहिलं, बोटाने हवेत एक गोल काढला आणि खाली बसले. नातू तिसरा आला. नाना म्हणाले, त्याला बाहेर जुंपायला हवं होतं.

बायांची रस्सीखेच शेवटी ठेवली होती. त्याआधी संघ कसे पाडायचे यावर खूप विचार केला. सगळ्यात सोपं म्हणजे वरची गल्ली विरुद्ध खालची गल्ली. पण गल्लीवार संघ केले की ते जातवार होतात, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, आणि मग हरणं-जिंकणं दोरापुरतं राहत नाही. सासवा विरुद्ध सुना ही सूचना समितीतल्या पुरुषांची. ती घरी निस्तरायला कोण जाणार होतं? आमच्या खिचडी शिजवणाऱ्या ताई म्हणाल्या, माहेरावरून पाडा. गिरणेच्या या काठचं माहेर असलेल्या इकडे, त्या काठच्या तिकडे. क्षणभर बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. वीस वर्षं शेजारी राहिलेल्या दोघी समोरासमोर गेल्या, आणि बोलणं नसलेल्या दोन जावा एका बाजूला आल्या.

या वेळी दोर सुती, जाड, मुठीत भरणारा. नियम सांगितला: दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, झटका बसला की बोट जातं. एका बाजूला आठ, मधल्या रुमालाने चार मीटर सरकायला हवं. एक मोठी बाई हसत म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात बारागाड्या ओढतात, तुम्ही दोर काय सांगता." खंडेरावाच्या यात्रेत एकमेकांना जोडलेल्या बारा गाड्या, वर माणसं लटकलेली आणि पुढे ओढणारा भगत, हे ज्यांनी लहानपणापासून पाहिलंय त्यांना मी रस्सीखेच शिकवत होते खरी. पदर खोचले गेले. चपला निघाल्या. शिट्टी झाली आणि पहिली काही सेकंद काहीच घडलं नाही. रुमाल जागेवर थरथरत होता, सोळा बायांच्या टाचा माझ्या नव्या मुरमात रुतत चालल्या होत्या. "वढ व माय, वढ!" असा आवाज पोरांच्या घोळक्यातून आला, आपल्या आईला असं ओरडायची संधी रोज कुठे मिळते. त्या काठच्या जिंकल्या. हरलेल्या सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि उठेचनात, हसून हसून. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा करत पाच डाव झाले. बाजाराची वेळ टळून गेली.

त्या संध्याकाळी कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या. पाहुण्यांना या वेळी जेवायलाच बोलावलं होतं. भरीत पुढ्यात असताना कुणी भाषण करत नाही.

रात्री घरी आल्यावर गटांच्या याद्या चाळत बसले. माहेजीहून सुटणाऱ्या गाडीत, चौथीच्या तिघांत, एका नावापुढे सरांनी फुली मारली होती. गेल्या वर्षी चौथ्यांदा माझ्याजवळ येऊन उभा राहिलेला तो. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला होता. आमच्या तालुक्यातून टोळ्या जातात, त्यात लहान पोरंही जातात. आजी असेल तर मागे राहतात. त्याची आजी पावसाळ्यात गेली. जानेवारी हा खेळांचा महिना हे मी किती विचार करून ठरवलं होतं: हवा, वेचणी, बाजारवार. तोडणीचा हंगाम माझ्या हिशेबात नव्हता.

तो मार्चच्या शेवटी परत आला. सकाळची शाळा सुरू झाली होती. रंग रापलेला, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. पहिल्याच दिवशी ओट्यावर उभा राहून मैदानाकडे बघत होता. फक्की केव्हाच उडून गेली होती, मुरमावर फक्त खांबाचा खड्डा दिसत होता.

"मॅडम, खेय व्हई ग्यात का?"

मी हो म्हटलं. मग सरांना सांगून त्याच्या वर्गाची पहिली तासिका मैदानावर घेतली. साडेसात वाजले असतील, ऊन अजून सोसवत होतं. पायानेच दोन रेघा ओढल्या, एक इकडे, एक तिकडे, आणि त्याला म्हटलं, पळ.

"एकलाच पयू का?"

पाच जण उठले. ओळीत उभे राहिले, एकाने दुसऱ्याला कोपर मारलं, मी पाय रेघेच्या मागे घ्यायला सांगितले. शिट्टी शाळेत राहिली होती, टाळी वाजवली.

तो चौथा आला. धापा टाकत परत आला आणि पुन्हा रेघेवर उभा राहिला.